कलाशाखा आणि कचेरीचें काम

शालान्त परीक्षेचा निकाल लागला, कीं घरोघर एकच चर्चा सुरू होते : मुलानें कोणत्या शाखेस जावें? गुण भरपूर मिळाले तर शास्त्र, मध्यम मिळाले तर वाणिज्य, आणि कोठेंच निभाव लागेनासा झाला म्हणजे कला, अशी उतरती भाजणी आपल्यांत रूढ झाली आहे. ज्या मुलाला इतिहासाची मनापासून गोडी असते, तोही मग ती लपवूं लागतो. ही समजूत चुकीची आहे, असें आम्हांस वाटतें.

कलाशाखेंत इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, भाषा व साहित्य हे विषय येतात. कित्येक ठिकाणीं लोकप्रशासनही शिकवितात. इतिहास पुराव्याची पारख शिकवितो. राज्यशास्त्र अधिकार कोठून येतो व त्याची मर्यादा कोणती, हें सांगतें. कायदा पुस्तकांतून निघून खेड्यांतल्या माणसापर्यंत कसा पोंचतो, हें लोकप्रशासन दाखवितें. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस कोणत्याही शाखेची पदवी चालते. परंतु मुख्य परीक्षेंत निबंधाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते, व २०१३ पासून नीतिशास्त्राचीही आहे. विचार करून नीट लिहितां येणें, याला तेथें किती मोल आहे, हें यावरून दिसेल.

तथापि पालकांची भीति अगदींच निराधार नाहीं. या परीक्षांत जागा थोड्या व उमेदवार लाखों. नुसत्या पदवीनें पोट भरत नाहीं. म्हणून पदवीच्या जोडीला कचेरीचें काम शिकावें, असें आमचें सांगणें आहे. पत्राचा मसुदा करणें, टिपणी लिहिणें, सभेचें इतिवृत्त ठेवणें, आवक-जावक नोंदणें, संचिका लावणें, लघुलेखन, टंकलेखन आणि संगणक हीं सर्व कौशल्यें शिकून येणारीं आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत लघुलेखन व सचिवीय कामाचा अभ्यासक्रम असतो. शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदास मराठी टंकलेखनाची मिनिटास ३० शब्दांची, किंवा इंग्रजीची ४० शब्दांची, परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

पण हें काम म्हणजे नुसती बोटांची चपळाई नव्हे. आमच्या परिचयाच्या एका विधवा बाईंनीं कुटुंबनिवृत्तिवेतनासाठीं अर्ज केला होता. पतीच्या नोकरीच्या कागदांत त्यांचें माहेरचें नांव होतें, इतर कागदांत सासरचें. अर्ज तीनदां परत आला आणि तिन्ही वेळां एकच शेरा : 'कागदपत्रें अपूर्ण.' कोणता कागद हवा, हें कोणींच लिहिलें नव्हतें. चौथ्या खेपेस एका तरुण कारकुनानें त्यांना बसावयास सांगितलें. दोन्ही नांवें एकाच व्यक्तीचीं आहेत, असें प्रतिज्ञापत्र कसें व कोणापुढें करावयाचें, हें त्यानें चार ओळींत लिहून दिलें. पुढें त्यांचें वेतन सुरू झालें. नियम तोच होता. वाचणारा माणूस निराळा होता. त्या चार ओळी लिहिण्यास नियम ठाऊक असावा लागतो, आणि कागदामागें उभी असलेली व्यक्ति दिसावी लागते. पहिली गोष्ट कचेरीचें शिक्षण देतें. दुसरी मानव्यविद्यांनीं द्यावयाची.

आतां तर याची गरज अधिकच आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालीं झाला. महाराष्ट्रांत लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालीं आला. सरकारी कागद पाहण्याचा आणि अधिसूचित सेवा ठरल्या मुदतींत मिळण्याचा हक्क नागरिकास आहे. हक्क मागणाऱ्याला अर्ज लिहितां आला पाहिजे, व देणाऱ्याला तो समजून घेतां आला पाहिजे.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाहीं. शिवाजी महाराजांनीं राज्यव्यवहारकोश करविला, तो कारभाराची भाषा आपली व्हावी म्हणूनच. पेशवे दफ्तरांतील मोडी कागद त्या काळच्या कारकुनांनीं रोजचें काम म्हणून लिहिले; त्यांतील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनीं संपादून ४५ खंडांत प्रसिद्ध केले, आणि आज अभ्यासक त्यांतून इतिहास वाचतात. पवित्र शास्त्रांतील योसेफाची कथा आपल्या शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. सुकाळांत धान्याची नीट सांठवण ठेवणारा तो कारभारी होता, म्हणूनच दुष्काळांत लोक जगले.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, ज्या विषयाची गोडी आहे तो निःसंकोच घ्या. मात्र रोज एक पान स्वच्छ मराठींत लिहीत जा, आणि सुटींत टंकलेखन शिका. पालकांस आमची एवढीच विनंति आहे, कीं मुलाला शाखा विचारतांना केवळ गुणपत्रिका पाहूं नये. तो कोणतीं पुस्तकें आपण होऊन उघडतो, हेंही पाहावें. उद्यां एखाद्या कचेरीच्या खिडकीपाशीं कोणी थकलेली बाई हातांत अर्ज घेऊन उभी राहील, तेव्हां पलीकडे बसलेला माणूस आपल्या शाळेंतला असावा, आणि त्यानें मान वर करून पाहावें.