कृषी अर्थशास्त्रात जायचंय? आधी आकडे कुठून येतात ते पाहा

कृषी अर्थशास्त्रात संशोधन करायचं ठरलं की विद्यार्थी आधी प्राध्यापकांचे सायटेशन आणि एच-इंडेक्स शोधतात. पालकही हल्ली तोच आकडा विचारतात. हा निर्देशांक जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली मांडला. ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा इतरांनी आधार घेतला, त्याचा एच-इंडेक्स दहा. आकडा खोटा नसतो, पण तो काम झाल्यावर कित्येक वर्षांनी बोलतो आणि ते काम कशामुळे टिकलं हे सांगत नाही. या विषयात काम टिकतं ते शेतकऱ्याच्या घरापर्यंत जाऊन, वर्षानुवर्षे, नीट गोळा केलेल्या माहितीवर. मार्गदर्शक आणि संस्था निवडताना म्हणूनच ती माहिती आधी पाहावी.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने 1975 पासून कोरडवाहू भागातल्या काही गावांचा अभ्यास सुरू केला. त्यात सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर होतं, अकोला जिल्ह्यातली गावंही होती. प्रत्येक गावातली चाळीस कुटुंबं निवडली, तीस शेती करणारी आणि दहा भूमिहीन. अन्वेषक गावातच राहायचे आणि दर तीन-चार आठवड्यांनी पेरणी, मजुरी, उसनवारी, घरखर्च यांची नोंद घ्यायचे. याच नोंदींवरून रॉबर्ट टाउनसेंड यांनी 1994 साली ‘इकॉनोमेट्रिका’त दाखवलं, की एखाद्या घराचं उत्पन्न बुडालं तरी त्याचा खर्च त्या प्रमाणात खाली येत नाही, पूर्णतः नसलं तरी बऱ्याच अंशी गावाच्या सरासरीबरोबर राहतो. विकासाच्या अर्थशास्त्रात या निबंधाचा आधार जगभर घेतला जातो. ज्यांनी त्या वह्या भरल्या त्यांच्या खात्यावर मात्र यातलं एकही सायटेशन जमा झालं नाही. हा मोजमापातला अन्याय आहे आणि या क्षेत्रात येणाऱ्याने तो आधीच ओळखलेला बरा.

दुसरं उदाहरण पुण्याच्या गोखले संस्थेतलं. एकेका शेतकऱ्याचं नुकसान स्वतंत्रपणे तपासणं अशक्यप्राय असतं, म्हणून संपूर्ण परिसराच्या सरासरी उत्पादनावर विमा बेतावा, ही मांडणी वि. म. दांडेकरांनी 1976 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त केली. 1979 साली याच तत्त्वावर प्रायोगिक योजना सुरू झाली, 1985 साली देशव्यापी योजना आली. आजही महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवरून भरपाई ठरते, तेव्हा मुळाशी तोच विचार असतो. त्या निबंधाचे सायटेशन मोजून हा परिणाम हाती लागणार नाही, कारण शासन निर्णयात तळटिपा नसतात.

यावर पालक म्हणतील, नेमणूक आणि बढतीच्या वेळी निबंधच मोजले जातात, मग मुलाने करायचं काय? हे खरं आहे आणि निबंध लिहावेच लागतील. पण एकाच सर्वेक्षणाचे चार तुकडे करून चार निबंध छापणाऱ्याची यादी लांबते, पुढे त्याला कुणी वाचत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आकडा नसेल तर वशिला चालेल. म्हणून आकडा टाकून देऊ नये, फक्त समान वयाच्या आणि समान विषयातल्या लोकांतच तुलना करावी. वैद्यकशास्त्रातल्या निबंधांना मिळणारे सायटेशन कृषी अर्थशास्त्रात शोधणं चुकीचं आहे. शिवाय मराठीतला अहवाल किंवा राज्य सरकारला दिलेली शिफारस आंतरराष्ट्रीय सूचींत सहसा येतच नाही.

पोटापाण्याची चिंताही रास्त आहे, पण मार्ग एकट्या विद्यापीठाचा नाही. राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. केलेल्यांना नाबार्ड आणि बँकांतलं कृषी अधिकारीपद खुलं असतं. पिकांचा उत्पादनखर्च काढण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेतही कृषी विद्यापीठं काम करतात. हमीभावाची शिफारस करताना तेच आकडे वापरले जातात. प्रवेश घेण्यापूर्वी विभागात जाऊन विचारा: इथे कोणत्या गावांची, किती वर्षांची माहिती आहे आणि ती विद्यार्थ्याला वापरता येते का? आणि बारावीला जीवशास्त्र घेतलं तरी गणित सोडू नका. पुढे संख्याशास्त्राशिवाय त्या माहितीतून काहीही काढता येत नाही.