क्लच बिघडला म्हणजे नेमके काय बिघडले?

आपल्या पोंभुर्णा भागातील पुष्कळ माणसे ट्रकवर पोट भरतात. कोणी ड्रायव्हर आहे, कोणी क्लीनर आहे, कोणाचा स्वतःचा जुना ट्रक आहे. भात निघाले की पोती मूलच्या गिरण्यांकडे जातात. बांबू आणि सागवान जंगलातून बाहेर निघते. पूर्वी बांबूने भरलेल्या गाड्या बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात. अशा कामाला नवी गाडी सहसा कोणी घालत नाही. जुनीच गाडी घालतात, आणि जुन्या गाडीचा क्लच केव्हा ना केव्हा कुरकुर करतोच.

आम्ही मिस्त्री नव्हे. आम्ही जन्मभर शाळेत पोरे शिकविली. परंतु रात्रीच्या वर्गाला येणाऱ्या ड्रायव्हरमंडळींनी हा विषय मागितला, म्हणून जाणत्या मिस्त्र्यांजवळ बसून तो समजून घेतला. त्यांना जे पटले तेवढेच येथे लिहिले आहे.

प्रथम क्लच काय करतो ते पाहू. इंजिन सुरू झाले की ते फिरतच राहते. चाके मात्र कधी फिरवायची असतात, कधी थांबवायची असतात. बैलाला जुंपावे आणि सोडावे, तसे इंजिनला चाकांशी जोडणारे आणि सोडविणारे जे साधन, तो क्लच. इंजिनच्या मागच्या अंगाला एक जड लोखंडी चाक असते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्यामागे क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही अंगांना खरखरीत लायनिंग रिवेटांनी बसविलेले असते. तिच्यामागे प्रेशर प्लेट असते. जोरदार स्प्रिंगा ह्या प्रेशर प्लेटला पुढे रेटतात, आणि क्लच प्लेट दोन लोखंडांच्या मधे घट्ट दाबली जाते. मग इंजिन फिरले की प्लेट फिरते, आणि प्लेटच्या मध्यातून गिअर बॉक्समध्ये जाणारा शाफ्टही फिरतो.

आपण पायडल दाबले की फोर्क हलतो. फोर्क एका बेअरिंगला पुढे ढकलतो. ते बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाब देते, आणि प्रेशर प्लेट मागे सरते. प्लेट मोकळी होते. एवढेच ते यंत्र. दोन तळहात एकमेकांवर दाबून धरा आणि एक फिरवा, म्हणजे दुसराही फिरेल. आता हाताला तेल लावून तेच करून पाहा. अर्धा पाठ तेथेच समजेल.

यावरून ध्यानात येईल की क्लचची मोठी दुखणी दोनच. एक, तो नीट धरत नाही. दुसरे, तो नीट सोडत नाही. ड्रायव्हर येऊन नुसते "क्लच गेला" म्हणतो. पण कोणते दुखणे हे न सांगता गाडी उभी केली, तर मिस्त्री काय करील? गिअर बॉक्स उतरवील. त्यात दिवस जातो, मजुरी जाते, भाडे बुडते. कित्येक वेळा दोष बाहेरच्या एका नटात असतो.

धरत नाही, त्याला मिस्त्री "स्लिप मारतो" म्हणतात. आमच्या वर्गातील एक ड्रायव्हर म्हणाला, "गुरुजी, इंजिन लय बोंबलते, पण गाडी वढत नाही जी." याहून चांगले वर्णन पुस्तकात सापडायचे नाही. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही. भरल्या गाडीला चढावर हे आधी कळते. रिकाम्या गाडीला सपाटीवर कदाचित कळणारही नाही. डिझेल जास्त लागते. जळका, नाकात शिरणारा वास येतो.

याची एक परीक्षा आहे. गाडी सपाट जागी उभी करावी. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, हँडब्रेक पूर्ण ओढावा. गाडीच्या पुढे-मागे माणूस नसावा. इंजिन गरम असावे. वरचा गिअर टाकून थोडा ॲक्सिलरेटर द्यावा आणि पायडल हळूहळू सोडावे. क्लच धरत असेल तर इंजिन गचका खाऊन बंद पडेल. बंद न पडता फिरतच राहिले, तर क्लच घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच करावी, बरं का. पुन्हापुन्हा केली तर चांगली प्लेटही तापून जळते.

परीक्षेत घसरला म्हणून लगेच प्लेट विकत आणू नये. आधी पायडलची मोकळी चाल पाहावी. पायडल हाताने दाबून पाहिले की सुरुवातीला थोडे अंतर ते अलगद जाते आणि मग जड लागते. हे अलगद अंतर म्हणजे मोकळी चाल. दांड्यांवर चालणाऱ्या जुन्या क्लचमध्ये ती साधारण एक इंचभर असते. परंतु आपल्या गाडीच्या पुस्तकात जो आकडा छापला असेल तोच खरा धरावा. येथे एक गोष्ट उलटी वाटते. लायनिंग झिजले की मोकळी चाल वाढत नाही, कमी होते. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट पुढे सरते आणि तिची बोटे मागे, बेअरिंगकडे येतात. शेवटी बोटे बेअरिंगला टेकूनच राहतात. मग पायडलवर पाय नसतानाही जणू कोणी ते दाबून धरले आहे अशी स्थिती होते, आणि क्लच घसरू लागतो. लायनिंग शिल्लक असेल तर दांडीचा नट फिरवून चाल जुळविली की गाडी पुन्हा ओढू लागते. नट फिरवायला जागाच उरली नसेल, तर प्लेटचे आयुष्य संपत आले असे समजावे. रिवेटांची डोकी फ्लायव्हीलला घासू लागण्याच्या आत प्लेट बदलावी. नाही तर फ्लायव्हीलवर चरे पडतात, आणि मग लहान खर्चाचा मोठा होतो.

चाल बरोबर असूनही घसरत असेल तर गाडीखाली पाहावे. क्लचवर जे लोखंडी घर असते त्याच्या तळाशी बहुधा एक भोक असते. तेथून तेल ठिबकते का? इंजिनचे तेल काळे व पातळ असते. गिअर बॉक्सचे तेल दाट असते आणि त्याला उग्र वास असतो. कोणते तेल आहे त्यावरून कोणते सील गेले ते कळते. आमच्या ओळखीच्या एका ट्रकमालकाने एका वर्कशॉपात नवी प्लेट बसविली. ती लवकरच घसरू लागली. दुसरी बसविली, तीही गेली. मालकाने ड्रायव्हरवर ठपका ठेवला, त्याच्या पगारातून पैसे कापले. तिसऱ्या वेळी दुसऱ्या मिस्त्र्याने दाखविले की इंजिनचे मागचे सील गळत होते आणि प्रत्येक नवी प्लेट तेलात भिजत होती. ड्रायव्हरचा काही अपराध नव्हता. कापलेले पैसे त्याला परत मिळाले की नाही, आम्हाला माहीत नाही. तेलात भिजलेले लायनिंग रॉकेलने धुऊन भागत नाही. आधी सील, मग प्लेट, हाच क्रम.

आता दुसरे दुखणे, सोडत नाही. पायडल पूर्ण दाबले तरी गिअर पडताना खरखर होते. पहिला आणि रिव्हर्स तर पडतच नाहीत. परीक्षा अशी: गाडी उभी, इंजिन मंद चालू. पायडल पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबावे, म्हणजे आतला शाफ्ट फिरायचा थांबतो. मग रिव्हर्स टाकावा. तरीही दात करकरले तर क्लच सोडत नाही. घाईने टाकला तर चांगल्या गाडीतही आवाज होतो, म्हणून थांबणे महत्त्वाचे.

याचे सर्वांत सोपे कारण मोकळी चाल फाजील होणे. पायडलची अर्धी वाट रिकामी जाते आणि बोटांपर्यंत पुरेसा दाब पोचत नाही. काही गाड्यांत दांड्यांऐवजी तेलाच्या नळीने दाब जातो. तेथे पायडल दोन-तीनदा भराभर मारून पाहावे. तसे केल्यावर गिअर पडला, तर नळीत हवा शिरली आहे किंवा सिलिंडरचे रबर गेले आहे. त्या डबीत त्याचेच ऑइल घालावे. इंजिनचे घातले तर रबर फुगते.

आपल्याकडे आणखी एक कारण घडते. पावसाळ्यात जंगलाचे रस्ते बंद पडले की ट्रक महिनोन्‌महिने झाडाखाली उभा राहतो. ओल धरून प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते. दिवाळीच्या सुमारास गाडी काढावी तर पायडल दाबूनही गिअर पडत नाही. हा क्लच मेलेला नसतो. जाणत्या मिस्त्र्याकडून मोकळ्या मैदानात तो सोडवून घ्यावा. त्याहून चांगले म्हणजे पावसाळ्यात दर आठ-पंधरा दिवसांनी गाडी सुरू करून चार पावले पुढे-मागे घ्यावी.

आवाजावरूनही बरेच समजते. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. पायडलवर हलका पाय ठेवताच चिर्र आवाज सुरू झाला, तर बोटांवर दाबणारे बेअरिंग गेले. उलट, पाय वर असताना आवाज आहे आणि दाबल्यावर बंद होतो, तर क्लच निर्दोष आहे; दोष गिअर बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा असू शकतो. गाडी उचलताना थरथरत असेल तर प्लेटवर तेल असेल. पण आधी इंजिनच्या माउंटिंगांचे नट तपासावेत. ते ढिले असले तरी गाडी अशीच थरथरते, आणि ते पाहायला काही उतरवावे लागत नाही.

आपल्या देशात १९५४ साली टाटांच्या कारखान्याने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १९६९ साली संपला. त्या काळच्या ट्रकवर तीन टोकांची चांदणी असे. पुष्कळ जुन्या ट्रकांच्या गिअर बॉक्समध्ये गिअर आपोआप जुळत नसत, म्हणून जुने ड्रायव्हर डबल क्लच करीत: एकदा दाबून न्यूट्रल, पाय सोडून पुन्हा दाबून गिअर. त्यात पाय दुखतो, पण दात वाचतात.

मात्र एक सवय जुन्यानव्या सर्वांनी सोडली पाहिजे. चालत्या गाडीत पायडलवर पाय टेकवून ठेवू नये, आणि चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नये. तोलून धरायला ब्रेक आहे. घसरणाऱ्या क्लचने भरली गाडी घेऊन चढ चढू नये, हे तर आम्ही हात जोडून सांगतो. गाडी मधेच थांबते, मागे येऊ लागते, आणि क्लीनर दगड घेऊन मागच्या चाकाकडे धावतो. बहुधा तो सतरा-अठरा वर्षांचा पोरगा असतो. उतारावरही असा क्लच इंजिनचा रोध चाकांपर्यंत पोचवीत नाही, आणि सगळा भार ब्रेकवर पडतो.

क्लच उघडला म्हणजे आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ती धूळ फुप्फुसाला फार वाईट. ओल्या फडक्याने पुसावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

आता वहीत पुढील चिठ्ठी उतरून घ्या. गाडी मिस्त्र्याकडे पाठविताना अशीच लिहावी:

"मिस्त्रीभाऊ यांस नमस्कार. गाडी चढावर ओढत नाही, इंजिन नुसते फिरते. मोकळी चाल अर्ध्या इंचाहून कमी आहे. खाली तेल ठिबकत नाही. गिअर नीट पडतात, आवाज नाही. आधी दांडीचा नट पाहावा. गिअर बॉक्स उतरविण्यापूर्वी मला बोलवावे."

खाली तारीख घालावी, गाडीचा नंबर लिहावा आणि अंगठ्याऐवजी सही करावी.