गुण कमावूनही गमावलेली लढत : ब्राझिलियन जिउ-जित्सूतील दंडांविषयी

ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या लढतीत प्रतिस्पर्ध्याला पाडल्याचे किंवा खालून पलटवल्याचे २ गुण, त्याच्या पायांचा अडसर ओलांडून बाजूला स्थिरावल्याचे ३ गुण आणि छातीवर किंवा पाठीवर स्वार झाल्याचे ४ गुण मिळतात, हे स्पर्धेत उतरणारा प्रत्येक खेळाडू जाणून असतो. मात्र त्याच गुणफलकावर दंडांची वेगळी मोजणी चालू असते, आणि पहिला फटका बसेपर्यंत तिच्याकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांनुसार पहिला दंड केवळ नोंदवला जातो, दुसऱ्या दंडाबरोबर प्रतिस्पर्ध्याला ‘ॲडव्हान्टेज’ म्हणजे गुणांची बरोबरी झाल्यास निर्णायक ठरणारी आघाडी मिळते, तिसऱ्याला थेट २ गुण जातात आणि चौथ्याला खेळाडू बाद होतो. पहिला दंड निरुपद्रवी भासतो खरा, परंतु गुण आणि ॲडव्हान्टेज दोन्ही समान राहिले तर ज्याच्या नावावर दंड कमी तोच विजयी ठरतो. त्यामुळे पांढऱ्या पट्ट्याच्या पाच मिनिटांच्या लढतीत ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणण्यासारखा दंड एकही नसतो.

या नियमांमागील कारण खेळाच्या इतिहासात आहे. जपानमधून आलेल्या मित्सुयो माएदा यांच्याकडून ही विद्या ब्राझीलमधील ग्रेसी घराण्यात पोहोचली, आणि त्या घराण्याने गाजवलेल्या आव्हानांच्या लढतींत वेळेचे बंधन पुष्कळदा नसे. १९५५ साली एलियो ग्रेसी आणि वाल्देमार सांताना यांची लढत साडेतीन तासांहून अधिक काळ चालली. अशा लढतीत प्रतिस्पर्धी थकेपर्यंत त्याला घट्ट धरून थांबणे हे डावपेचांतील शहाणपणच होते. पुढे गुण आणि घड्याळ आले, तेव्हा तोच संयम खेळ अडवून धरण्याचे साधन बनू शकत होता, म्हणून निष्क्रियतेला दंड लावणे भाग पडले. हे ध्यानी घेतले, तर निष्क्रियतेचा दंड पंचांच्या लहरीवर सोपवलेला वाटत नाही.

सर्वाधिक दंड ओढवून घेणारी ही निष्क्रियता जवळून पाहण्याजोगी आहे. वरचा खेळाडू २ गुणांनी पुढे आहे, खालच्याने दोन्ही पाय त्याच्या कमरेभोवती आवळले आहेत, म्हणजे ‘बंद गार्ड’ घेतला आहे, आणि शेवटचे दीड मिनिट उरले आहे, अशी स्थिती घ्यावी. वरचा खेळाडू डोके प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर टेकवतो, दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला मिठी घालतो आणि श्वास घेऊ लागतो. त्याच्या दृष्टीने ही विश्रांती असते, पण पंचांच्या मनात मोजणी सुरू झालेली असते. सलग वीस सेकंद कोणतीही प्रगती दिसली नाही, तर पंच हाताने खूण करून ‘लूची’, म्हणजे ‘लढा’, असा पुकारा करतात. नवोदित हा पुकारा इशारा समजतो आणि तेथून हालचाल सुरू करतो. प्रत्यक्षात पुकाऱ्यासोबत दंड लागलेलाच असतो. म्हणून मोजणी पंचांवर न सोपवता खेळाडूने ती स्वतः करावी, आणि दहा-बारा सेकंदांच्या आत गुडघा मध्ये रोवणे, पाठ सरळ करून उठणे, पायांची मिठी उघडू पाहणे यांपैकी काहीतरी खरोखर करावे. कॉलर सोडून बाही धरणे आणि पुन्हा कॉलर धरणे एवढ्याने कोणत्याही सजग पंचाचे समाधान होत नाही. छातीवर स्वार झालेल्या किंवा पाठ पकडलेल्या प्रतिस्पर्ध्याखाली दबून जो बचाव करीत असतो, त्याला मात्र निष्क्रिय धरले जात नाही. त्याने दंडाच्या धास्तीने घाईघाईत हात मोकळा टाकू नये.

दोघांनी एकाच वेळी खाली बसून गार्ड घेतला, तरी वीस सेकंदांची मोजणी सुरू होते, आणि कोणीच वर आले नाही तर दोघांनाही दंड होतो. प्रतिस्पर्ध्याच्या बाहीच्या किंवा विजारीच्या पायाच्या तोंडातून बोटे आत घालून पकडणे हाही दोष आहे. कापड बाहेरून मुठीत धरावे लागते. पट्टा बांधण्यात वीस सेकंदांहून अधिक वेळ घालवणे, पंचांशी वाद घालणे आणि निकाल जाहीर होण्यापूर्वी गादी सोडणे हे दोष तर केवळ शिस्तीने टळणारे आहेत. सीमारेषेचे प्रकरण अधिक गंभीर आहे, कारण पकडीतून सुटण्यासाठी मुद्दाम रेषेबाहेर जाणाऱ्याला थेट बाद केले जाते.

एका झटक्यात बाद करणाऱ्या तांत्रिक दोषांमध्ये ज्याला ‘नी रीपिंग’ म्हणतात तो सर्वांत फसवा आहे, आणि त्याविषयी कितीही कळकळीने सांगितले तरी ते अपुरेच. पायाच्या घोट्यावर पकड घेताना हल्लेखोराची मांडी प्रतिस्पर्ध्याच्या पायामागे असते; अशा वेळी त्याची पोटरी गुडघ्याच्या वरून आडवी जाऊन पाऊल प्रतिस्पर्ध्याच्या शरीराच्या मध्यरेषेपलीकडे गेले आणि गुडघ्यावर बाहेरून आत दाब आला, तर अडकलेल्या पावलामुळे गुडघ्याला वळायला जागा राहत नाही आणि त्याचे अस्थिबंध फाटू शकतात. हे बहुधा हेतुपुरस्सर घडत नाही. प्रतिस्पर्धी निसटू लागला की त्याला रोखण्यासाठी पाय आपसूक आत वळतो. २०२१ पासून गी न घालता होणाऱ्या स्पर्धांत प्रौढ गटातील तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांना ही हालचाल खुली झाली, पण ‘गी’ म्हणजे जाड सुती अंगरखा व विजार घालून होणाऱ्या लढतींत ती सर्वच पट्ट्यांना निषिद्ध आहे. नव्या प्रकारचा सराव पाहून शिकलेला निळ्या पट्ट्याचा खेळाडू हा फरक विसरतो आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या गुडघ्याला मोजावी लागते. घोट्यावरील सरळ पकड शिकतानाच पावलाचे टोक प्रतिस्पर्ध्याच्या नितंबावर, त्याच बाजूला, टेकवून ठेवण्याची सवय लावणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे.

महाराष्ट्रातील तालमींतून या खेळाकडे वळणाऱ्या मल्लांना वेगळी सावधगिरी हवी. पट काढून प्रतिस्पर्ध्याला नियमात राहून पाडणे येथे गुणपात्र आहे. परंतु कमरेला पायांची मिठी मारून लोंबकळणाऱ्याला उचलून आपटणे, जे मल्लाच्या अंगी भिनलेल्या ताकदीला अगदी सहज जमते, त्याबद्दल तत्काळ बाद केले जाते. उचलावे, पण उतरवताना त्याच्याबरोबर खाली यावे. जुदोतून आलेल्यांनी दोन्ही पायांच्या कात्रीने पाडण्याचा ‘कानी बसामी’ हा डाव घरीच ठेवावा. पांढऱ्या पट्ट्याने मनगटावरील पकडीचाही मोह टाळावा. प्रौढ गटात ती निळ्या पट्ट्यापासून चालते.

हे सारे स्पर्धेच्या आदल्या रात्री नियमपुस्तक चाळून अंगवळणी पडत नाही, कारण दमलेले शरीर वाचलेले आठवत नाही, सरावलेलेच करते. म्हणून स्पर्धेपूर्वीच्या काही आठवड्यांत सरावाच्या लढतींना एका सहकाऱ्याला पंच म्हणून उभे करावे, त्याने वीस सेकंद मोठ्याने मोजावेत, बाहीत गेलेले बोट तेथेच दाखवावे आणि पाऊल मध्यरेषेकडे सरकताच लढत थांबवावी. पंचाचे हे काम आळीपाळीने सर्वांकडे द्यावे, कारण दुसऱ्याच्या लढतीतील दोष टिपण्याची नजर आली की स्वतःचा पाय कोठे आहे याचे भानही येऊ लागते.