काचेचा थेंब धरायचा कसा?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवराभोवती काळ्या काचेचे चिमुकले तुकडे सापडतात. उल्काघाताने वितळलेल्या बेसाल्टाचे हे गोठलेले थेंब! त्यांची लांबी कशी मोजाल? 2 मिलिमीटर लांबीचा काडीसारखा तुकडा 10 अंशांनी कलला, तर वरून तो 1.97 मिलिमीटरच दिसतो. म्हणून वस्तू आधी स्थिर हवी.

कोणत्याही वस्तूला सहा हालचाली शक्य असतात : तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या. तळाचे तीन टेकू तीन हालचाली रोखतात, बाजूचे दोन आणखी दोन आणि टोकाचा एक शेवटची. तळाशी चौथा टेकू दिला, तर वस्तू डुगडुगू शकते. घट्ट आवळली, तर काच तडकते. मेणाचा हलका आधार पुरे.

साबणाच्या वडीत टाचण्या खोचा. त्यांच्या माथ्यांवर चिंचोका ठेवून पाहा : आधी तीन, मग चार. कधी डुलतो?