उरलेली पट्टी

कुठल्याही दुखण्यातून उरलेली अँटिबायोटिकची पट्टी फडताळात जपून ठेवावी आणि घरात कोणास जुलाब लागले की तीतल्या दोन-चार गोळ्या द्याव्यात, हा रत्नागिरीतला रिवाज मी दवाखान्यात नित्य पाहतो आणि दर वेळी संतापतो. पावसकडच्या एका आजींनी दाढेसाठी आठवडाभर अँटिबायोटिक घेतले. पुढल्या पंधरवड्यात दिवसाकाठी आठ-दहा वेळा पातळ शौचास होऊ लागले. मुलाने दुकानातून परस्पर मेट्रोनिडाझोल आणले, जुलाब थांबले, गोळ्या संपताच पुन्हा लागले, आणि हाच क्रम तीनदा झाल्यावर, डोळे खोल गेलेल्या अवस्थेत, त्यांना माझ्याकडे आणले. तपासणीत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचे विष सापडले.

‘आणखी जालीम गोळी द्या,’ हा मुलाचा आग्रह. पण गोळ्या संपताच दुखणे का उलटते, याचे उत्तर पित्तात दडले आहे. पित्त म्हटले की आपल्याला छातीतली जळजळच आठवते. परंतु यकृतात तयार होणारी पित्ताम्ले निराळी असून, मोठ्या आतड्यातील काही निरुपद्रवी जंतू त्यांचे रूपांतर करतात आणि ही रूपांतरित पित्ताम्ले डिफिसिलची वाढ रोखतात. अँटिबायोटिकने ते रक्षक मारले गेले, की मूळ रूपातील पित्ताम्ले उरतात आणि औषधाला न जुमानता निद्रिस्त राहिलेले डिफिसिलचे बीजाणू त्यांच्या योगाने जागे होतात. दह्याताकाने हे रक्षक परतत नाहीत.

आजींना तोंडावाटे व्हँकोमायसिन दिले, मात्रा हळूहळू उतरवली, आणि त्या बऱ्या झाल्या. तरीही व्याधी उलटत राहिली, तर निरोगी दात्याच्या मलातील जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा इलाज आहे: 2013 साली प्रसिद्ध झालेल्या डच प्रयोगात पहिल्याच वेळी 16 पैकी 13 रुग्ण बरे झाले, केवळ व्हँकोमायसिनवर 13 पैकी 4. मात्र इंटरनेटवर पाहून हा उद्योग घरी करणे म्हणजे जिवाशी खेळ; 2019 साली अमेरिकेत, दात्याच्या मलातील औषधाला न बधणारे जंतू तपासले न गेल्याने, एक रुग्ण दगावला.

घाबरू नका, अँटिबायोटिकनंतरचे बहुतेक जुलाब पेज आणि जलसंजीवनी घेत आपोआप थांबतात. परंतु औषध चालू असताना वा त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत दिवसातून तीनहून अधिक जुलाब, ताप, रक्त, लघवी कमी होणे किंवा गुंगी यांपैकी काही दिसले, तर दिरंगाई नको. आणि जुलाब थांबून पोट फुगले, तर तो उतार समजू नका, त्याच घटकेस रुग्णालय गाठा. शौच बांधणारी लोपेरामाइडची गोळी स्वतःहून घेऊ नका. शुश्रूषा करणाऱ्यांनी हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवावेत. सॅनिटायझरने हे बीजाणू मरत नाहीत.