शेतकऱ्याची मोठी मोटार : वाट व वजन यांचा विचार

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील सधन शेतकऱ्यांच्या दारीं हल्लीं सर्व कुटुंब मावेल अशा मोठ्या मोटारी दिसूं लागल्या आहेत. पावसाळ्यांत शेतावर जातां यावें व प्रसंगीं मागें ट्रेलर ओढतां यावा, हे त्यांतील हेतु होत. हेतु योग्य आहेत. परंतु निवड मोटारीचें रूप पाहून नव्हे, तर वाट व वजन पाहून करावी.

प्रथम वाटेचा विचार करूं. मोठी मोटार म्हणजे चारी चाकांना शक्ति देणारी मोटार नव्हे. स्कॉर्पिओ-एन किंवा फॉर्च्युनर या गाड्या दोन्ही प्रकारांत मिळतात व बाहेरून सारख्याच दिसतात. म्हणून चारी चाकांची सोय, अतिमंद गिअर, पोटाखालची उंची आणि पोलादी चौकट या चार गोष्टी विचारून घ्याव्या. जरूरीपुरतीच चार चाकें जोडण्याची सोय असल्यास ती कोरड्या डांबरी सडकेवर वापरूं नये. वळणावर पुढील व मागील चाकें सारखीं फिरत नाहींत व यंत्रावर ताण पडतो.

आपली काळी जमीन पाण्यानें फुगते व चिकटते. टायरच्या खांचा चिखलानें भरल्या कीं तो गुळगुळीत होतो. मग चारी चाकें जागींच फिरतात. शिवाय ओल्या रानांत जड गाडी घातल्यास माती दबून कठीण होते व पिकाचीं मुळें खुंटतात. म्हणून गाडीच्या रकमेपैकीं कांहीं भाग पाणंदीच्या मुरुमावर व नालीवर खर्चिला, तर तो अधिक फळेल.

आतां ओढीचा हिशेब. सोयाबीनचीं ५० किलोंचीं २० पोतीं लातूरच्या बाजारांत न्यावयाचीं आहेत असें समजूं. माल १,००० किलो व ट्रेलर ५०० किलो, मिळून १,५०० किलो झाले. यांचा सुमारें दहावा हिस्सा, म्हणजे १५० किलो, गाडीच्या आंकड्यावर येतो. गाडींत ६५ किलोंचीं पांच माणसें बसलीं तर ३२५ किलो. एकूण ४७५ किलो भार गाडीनें वाहिला पाहिजे. हे दोन्ही आंकडे कंपनीच्या पुस्तिकेंतील मर्यादेंत बसावे. ओढीची मर्यादा तींत नसेल तर कंपनीकडून लेखी घ्यावी. विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर विसंबूं नये. ट्रेलरास स्वतःचे ब्रेक असावे. माल मागील टोंकास लादल्यास ट्रेलर डोलूं लागतो व उतारावर गाडीसह उलटूं शकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येंत ट्रेलरही मोटार वाहनच आहे, म्हणून त्याची नोंदणी टाळूं नये.

शेवटीं प्रत्येकानें वहींत लिहावें : वर्षांतून चिखलांत जाण्याचे दिवस किती व ओढीचे दिवस किती? ते दहा-बाराच भरले, तर भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त पडेल व साधी मोटार कुटुंबास पुरेल. अंथरूण पाहून पाय पसरावे. मोटारीची किंमत वर्षानुवर्षें उतरत जाते. तिच्यासाठीं सातबाऱ्यावर बोजा चढवूं नये.