पदरावरची घंटा

खांडसहून भीमाशंकरला चढणाऱ्या दोन वाटांपैकी शिडीघाटाची वाट ओल्या कातळामुळे पावसाळ्यात मुलाबाळांना सर्वथा वर्ज्य आणि गणेशघाटाची लांबची, परंतु सुगम, एवढे सांगितले की मार्गवर्णन संपते. पावसाळ्यात वाटा बंद ठेवण्याचे हुकूम निघत असतात. त्यांची चौकशी मात्र घर सोडण्यापूर्वीच करावी.

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही दोन कुटुंबे मिळून आठ माणसे निघालो. सकाळी सातला पायथा सोडण्याचा संकल्प होता, तो पोह्यांच्या दुसऱ्या फेरीपायी दहावर गेला, आणि पुढच्या साऱ्या अनर्थाचे मूळ तेथेच आहे. गणेशघाटावरच्या गणपतीच्या देवळापाशी, दमलेल्या मुलांना रिझवावे म्हणून, आदल्या रात्री चाळलेल्या पुस्तकातला इतिहास मी घाईघाईने सांगून टाकला: चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तिकडची एक पोर्तुगीज घंटा भीमाशंकरी देवळापुढे टांगलेली आहे, आणि देवळाचे शिखर नाना फडणिसांनी बांधविले. याच वेळी दोरखंड मिरवणारी एक टोळी, 'सहल काढलीत वाटतं!' असा शेरा मारून, आम्हांस मागे टाकून गेली. हे 'खरे' भटके कोणत्या वाटेने गेले ते त्यांनी टाकलेल्या वेफरच्या पुड्यांवरून पुढे तासभर कळत होते.

पदरावर, म्हणजे डोंगराच्या कमरेशी असलेल्या त्या विस्तीर्ण सपाटीवर, पोचलो न पोचलो तोच धुके असे दाटले की पदरगडाचे सुळके तर राहोच, पुढच्या माणसाची पाठही दिसेना. आणि त्या पांढऱ्या पोकळीतून घंटेचा नाद आला. देऊळ अजून दीड-दोन तासांच्या चढावर आहे हे मला पक्के ठाऊक असूनही, धाकट्या पोराने 'वसईची घंटा!' म्हणून आरोळी ठोकताच आम्ही आठही जण त्या नादामागे चालू लागलो. वाट मळलेली होती, पायांना सुखाची होती, आणि जी वाट हरघडी फाटे फोडीत झुडपांत शिरते ती गुरांची, हे साधे ज्ञान त्या वेळी कोणालाच सुचले नाही. अर्ध्या तासाने घंटा सापडली. ती एका म्हशीच्या गळ्यात होती.

म्हशीमागे डोक्यावर इरले घेतलेली एक ठाकर म्हातारी होती. 'दादा, ही ढोरांची वाट. मानसांची मागंच ऱ्हायली,' असे ती हसत म्हणाली. परंतु वाट दाखवण्यापूर्वी तिची दुसरी म्हैस शोधून देणे आम्हांला भाग पडले, आणि त्यात दोन तास गेले. तस्मात्, पदरावर धुके उतरले की जेथे असाल तेथेच बसावे, डबे उघडावे, आणि माणसांची मोजदाद करावी. धुके विरते. चुकलेली वाट तशी आपण होऊन परत येत नाही. तीनपर्यंत पुढचा चढ सुरू झाला नसेल, तर निमूट खांडसला उतरावे.

आम्ही उतरलो नाही, ही दुसरी चूक. झाडीतल्या शेवटच्या चढावर काळोख पडला, आणि आठ जणांत विजेऱ्या तीन, त्यांतली एक मंदावलेली. विसाव्याला बसताना मसाला वाचवण्यासाठी तिन्ही मालवल्या, तेव्हा काही वेळाने पायांशी पडलेली फांदी फिकट हिरवी दिसू लागली; मग पलीकडचा ओंडका, मग उतारभर विखुरलेले तुकडे, जणू कोणी चांदणे मोडून टाकले होते. कुजत्या लाकडातली एक बुरशी पावसाळ्यात अशी प्रकाशते, हे मी वाचले होते. पण ती पाहण्यास डोळ्यांना पुरता अंधार सोसावा लागतो, आणि विजेरी हाती असताना तो कोण सोसतो! सतत बोलणारी मुले पंधरा मिनिटे गप्प होती. मात्र हे १९८५ पासूनचे अभयारण्य आहे आणि रात्री तेथे हिंडण्याची मुभा नाही, तेव्हा आमचा दाखला देऊन कोणी मुद्दाम अंधार करू नये. शेकरू पाहायचे तर दिवसाउजेडी झाडांच्या शेंड्यांकडे पाहत सावकाश जावे.

दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या शनिमंदिरापाशी ती वसईची घंटा मुलांना दाखवली. धाकट्याने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हशीची कुठे आहे, असे विचारले.